शिफारशीसह अग्रेषित

निमगाव केतकी, ता. इंदापूर
रविवार, २१ फेब्रुवारी १९९९

चि. संघपाल यास,

सप्रेम जयभीम. आम्ही सर्व इकडे ठीक आहोत, तुम्ही सर्व तिकडे कसे आहात ते कळवावे, असं लिहायची रीत आहे. पण तू कसा आहेस ते तुझ्या कार्डावरूनच कळलं. एका पोस्टकार्डावर इतका राग मावतो हे मला ठाऊक नव्हतं. पत्त्याच्या जागेतही तू दोन ओळी घुसवल्यास, त्यामुळे 'मु. पो. निमगाव केतकी'च्या लगेच खाली 'परभणीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत' असं आलं, आणि आमच्या पोस्टमननं तो पत्त्याचाच भाग समजून आमच्या दारात मोठ्यानं वाचला. तुझ्या आक्काचं म्हणणं असं की पित्त वाढल्याशिवाय भावाचं अक्षर एवढं बारीक होत नाही, तेव्हा सकाळी उपाशीपोटी आवळा खात जा आणि ते हॉटेलातलं मिसळीचं खाणं बंद कर. (मिसळीचा उल्लेख कार्डात नाही. तो तिनं अक्षरावरून ताडला.)

मुलांना सारांशलेखन शिकवून शिकवून ती सवयच लागली आहे, म्हणून आधी तुझ्या कार्डाचा सारांश देतो. चुकला तर दुरुस्त कर. दिशासाठी तू रविराजचं स्थळ आणलंस. मुलगा परभणीला जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात शिकवतो, म्हणजे पेशंटनं एक शब्द न बोलता निदान करायची त्याला सवय आहे, आणि आमच्या घरात ती उपयोगी पडेल असं मला तेव्हाच वाटलं होतं. तुझ्या घरभरणीला त्या लोकांनी दिशाला पाहिलं, त्यांना ती आवडली. त्याचे वडील सावळारामराव यांनी मुलाचा फोटो, माहिती आणि रीतसर मागणीचं पत्र मला ई-मेलनं पाठवलं. आणि आम्ही तो फोटो लगेच, सोबत दोन गोड शब्दसुद्धा न घालता, परत केला. फोटो परत येणं म्हणजे काय, हे आपल्यात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. नकार तोंडानं देत नाहीत, फोटो परत येतो. तोही भली माणसं महिना-पंधरा दिवस ठेवून घेऊन, 'मुलीला अजून शिकायचंय' अशी चिठ्ठी लावून पाठवतात. सावळारामराव तो परत आलेला कागद घेऊन तुझ्याकडे आले, पाणीसुद्धा न घेता तो टेबलावर ठेवून निघून गेले, आणि आता तुझा प्रश्न असा की, दाजी, नाहीच म्हणायचं होतं तर मला मध्ये कशाला घातलंत.

संघपाल, आम्ही फोटो परत केलेला नाही. आम्ही तो पाहिलेलासुद्धा नाही. दिशानं नाही, आक्कानं नाही, मी तर नाहीच. तो कुणी परत केला हे मला परवा बारामतीला कळलं. निदान बारामतीच्या स्टँडवर एसटीत चढेपर्यंत कळलेलं होतं; निमगाव येईपर्यंत पुन्हा गोंधळ झाला. म्हणून मुळापासून लिहितो. लिहिता लिहिता मलाही कळलं तर बरंच. (फोन का केला नाहीत, असं तू म्हणशील. आमच्या गावचा एसटीडी बूथ बाजारात आहे आणि त्याचं दार लागत नाही. तिथून दिशाच्या लग्नाविषयी तुझ्याशी बोलणं म्हणजे बाजाराच्या दिवशी स्पीकरवर बोलण्यासारखं. शिवाय तुझा फोनही शेजाऱ्यांचा. त्यांनी तुला बोलावून आणेपर्यंत बूथवाला एकदा मीटरकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहतो.)

मूळ तुझ्यातच आहे. दिवाळीत तू आलास आणि जेवताना म्हणालास, दाजी, आता पत्रांचे दिवस गेले, तुम्ही ई-मेल घ्या. मी विचारलं, घेऊन ठेवायचा कुठं? तेव्हा तू हसलास. मला मात्र खरोखर माहिती हवी होती. मग तू मला बारामतीला सोमनाथकडे नेलंस. सोमनाथ माझा विद्यार्थी. संस्कृतात तो जेमतेम काठावर सुटला, पण सुटताना हसत होता, त्यामुळे हा पुढे काहीतरी करील असं मला वाटलं होतं. त्यानं स्टँडजवळ संगणकाचा क्लास काढला आहे. लोकांना ई-मेलचे पत्तेही देतो. मला पत्ता मिळाला. तो मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि आता पुढं काय, असं विचारलं. पुढं म्हणे बारामतीला यायचं, मशीनसमोर बसायचं आणि पत्र आलंय का बघायचं. म्हणजे पोस्टमन माझ्याकडे यायचा, त्याऐवजी मी एसटीनं पोस्टमनकडे जायचं. याला प्रगती म्हणतात हे मी तुझ्या शब्दाखातर मान्य केलं.

माझा चेहरा बघून सोमनाथच म्हणाला, "गुरुजी, तुमी कशाला हेलपाटं घालताय? दिशाताईची पेटी हाय की तिकडं. तुमचं आलं का मी ते आपोआप तिच्याकडं ढकलतो. फॉरवर्ड." तर झालं असं, की दिशानं पुण्याच्या हॉस्टेलवर राहून अमेरिकेतल्या एका फार मोठ्या कंपनीत फुकटची टपालपेटी उघडली आहे. (एवढी मोठी कंपनी फुकट पेटी का देते, हे मी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मला तेव्हाच शंका आली होती.) माझ्या नावानं काहीही आलं की सोमनाथचं मशीन ते न उघडता दिशाच्या पेटीत टाकणार. तुला ही कल्पना इतकी आवडली की तू तिथंच मांडीवर थाप मारलीस. तुझं म्हणणं, उद्या कुणी मुलाकडच्यांनी लिहिलं, तर थेट मुलीला लिहिलं असं व्हायचं नाही. पत्र वडिलांच्या द्वारा जाईल, आणि वडिलांना वाचायला मात्र लागणार नाही. घराची रीतही राहिली आणि मुलीचा मानही राहिला. मी पण मान डोलावली. आपल्याकडे पोरीच्या नावाचं पाकीट बापाच्या हातून जातं, बाप ते उजेडाकडे धरून बघतो, तिची आई 'फोडा की आता' म्हणते आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. त्यापेक्षा हे किती सभ्य. बाप मध्ये असतो आणि नसतोही. तू पत्ता सावळारामरावांना दिलास तो याच भरवशावर. आजवर इतकी सोयीस्कर गोष्ट माझ्या वाट्याला आली नव्हती. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आता पी.पी.चं सांगतो. आपल्या भागात फोन एकाचा आणि नंबर आळीचा असतो, हे तुला नव्यानं सांगायला नको. कार्डावर नंबर छापायचा आणि पुढं कंसात 'पी.पी.' लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, हाक मारली की आम्ही येतो. मला ई-मेल मिळाल्याची बातमी आक्कानं नळावर सांगितली. (तिचं म्हणणं, तिनं ती फक्त प्रयागबाईंना सांगितली. ते एकच झालं.) आठवडाभरात म्हस्कू मंडपवाला नवीन पावतीपुस्तक दाखवायला आला. वर गणपती नाही, बुद्ध नाही, दोघांचा वाद नको म्हणून मोर. आणि मोराच्या पायाशी माझा ई-मेल, कंसात पी.पी.

मी म्हटलं, म्हस्कू, अरे हा फोन नव्हे.

"व्हय की गुरुजी. फोन आसता तर तुमाला हाक मारायला यावं लागलं आसतं. ह्यात तर तुमाला उठायचं बी काम न्हाय."

मोर चांगला आलाय म्हणून मी पुस्तक त्याला परत दिलं. त्याच्या मागोमाग प्रयागबाईंच्या महिला मंडळाच्या शेवयांच्या पुड्यांवर पत्ता आला. मी थोडी कुरकुर केली, तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "छापलाय आमी, शाई आमची, पुडा आमचा. दोन अक्षरानं तुमची काय झीज हुती का?" झीज होत नव्हती हे खरं. गंमत अशी, की त्या पत्त्यावर पत्रं यायला लागली. पुण्याचा कुणी म्हस्कूला मंडपाची तारीख विचारी. ते बारामतीला सोमनाथकडे येई, तिथून अमेरिकेला जाई, अमेरिकेतून पुण्याला दिशाच्या पेटीत उतरे, आणि दिशा अभ्यास सोडून म्हस्कूला पोस्टकार्ड टाकी. बारामतीहून एसटीनं दुपारच्या जेवणाला पोचला असता असा निरोप पृथ्वीप्रदक्षिणा करून आठवड्यानं येई. पण म्हस्कू खूष. त्याला अमेरिकेमार्गे ऑर्डर येत होत्या.

मग बारामतीला शेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं. तिथं एक काचेचा डबा ठेवला होता; आपलं कार्ड त्यात टाका, सोडतीत नाव निघालं तर ट्रॅक्टर. म्हस्कू एक कार्ड टाकून थांबणारा माणूस नव्हे. त्यानं मोराचं अख्खं पावतीपुस्तक फाडून त्या डब्यात टाकलं, आणि सोबत मंडळाच्या बायकांनी शेवयांच्या रिकाम्या पिशव्या टाकल्या. ट्रॅक्टर कुणाला लागला ते अद्याप कळलं नाही. पण त्या डब्यातून माझा पत्ता जगभर गेला असणार, कारण पुढं मला ज्या वस्तूंची गरज आहे असं जगाला वाटतं, त्या सगळ्यांची पत्रं यायला लागली: केस उगवण्याचं तेल, पोट उतरवण्याच्या गोळ्या, घरबसल्या पदवी, विनातारण कर्ज, पत्त्यांचा जुगार आणि आणखी काही विषय, जे संस्कृत काव्यातही येतात, पण तिथं निदान वृत्तात असतात. हे सगळं सोमनाथच्या मशीननं इमानानं माझ्या मुलीच्या पेटीत ढकललं. घराची रीत होती ना, वडिलांच्या द्वारा.

आणि इथून मला कळेनासं होतं, तेव्हा तूही जपून वाच. त्या अमेरिकेच्या कंपनीनं पाहिलं की बारामतीहून एक इसम येतो आणि रोज तेल, गोळ्या आणि जुगाराची पत्रं टाकून जातो. त्या पत्रांचा खरा धनी कोण, हे ती बघत नाही. दारात कोण उभा आहे तेवढं बघते. दारात सोमनाथ. म्हणजे तोच तेलवाला, तोच जुगारी. तिनं दार लावायला सुरुवात केली, पण सरकारी खिडकीसारखं: कधी उघडं, कधी बंद, आणि कशामुळे ते सांगायचं नाही. आम्हाला हे कळलं तेसुद्धा एका गिऱ्हाइकामुळे. म्हस्कूला मंडप सांगायला निघालेलं पत्र लिहिणाऱ्याकडेच परत आलं, आणि तो माणूस इंदापूरला दुसऱ्या मंडपवाल्याकडे गेला. म्हस्कू माझ्याकडे आला, मी त्याला घेऊन बारामतीला गेलो.

सोमनाथ म्हणाला, "गुरुजी, आपल्याला ब्लॉक केलंय."

आपल्याला म्हणजे कुणाला, असं मी विचारलं.

"मला. म्हंजे तुमाला. म्हंजे आता तसं सगळ्यांलाच."

"पण मी केलंय काय?"

"तुमी काय न्हाय केलं. पर तिकडनं बघितलं तर सगळं तुमीच केल्यालं दिसतंय."

दूताला अभय असतं, निरोप कसाही असो, असं मी वर्गात शिकवत आलो. अमेरिकेत तो धडा नसावा. पण विचार करताना मला एक उपाय सुचला, आणि तो सुचल्याबद्दल मी स्वतःवर जवळजवळ एक दिवस खूष होतो. आमच्या शाळेत साधा रजेचा अर्जसुद्धा मी थेट वर पाठवू शकत नाही. तो मुख्याध्यापकांच्या मार्फत जातो. ते खाली शिक्का मारतात, 'शिफारशीसह अग्रेषित', आणि सही करतात. त्यांनी अर्ज वाचलेला असतो असं नाही. पण वरच्या कचेरीला कळतं की हा कागद कुणाच्या टेबलावरून आला, आणि तो माणूस ओळखीचा आहे. शिक्क्याशिवाय आलेला अर्ज तिथं कुणी हातातही धरत नाही. अमेरिकेची कचेरी ही शेवटी कचेरीच. मी सोमनाथला म्हटलं, बाबा रे, तू कागद नुसता ढकलतोस, त्यावर शिक्का नाही. मग त्यांनी तरी काय समजायचं? त्यालाही पटलं. (काठावर पास होणाऱ्यांचं हे एक असतं, त्यांना गुरुजींचं सगळं पटतं.) त्यानं अशी योजना केली, की माझ्या पत्त्यावर आलेलं प्रत्येक पत्र पुढं जाताना त्याच्या माथ्यावर इंग्रजीत 'शिफारशीसह अग्रेषित' आणि खाली माझं नाव, हुद्दा, 'सहशिक्षक, संस्कृत'. शिवाय पाठवणारा म्हणूनही आता माझंच नाव, म्हणजे बेजबाबदारपणा नको.

प्रत्येक पत्र, म्हणजे प्रत्येक पत्र. चार दिवसांनी दिशाचं कार्ड आलं. ते तुझ्या आक्कानं आधी वाचलं, हे माझं दुर्दैव. 'आबा, केसांचं तेल, घरबसल्या पदवी आणि एका रशियन बाईंशी मैत्री, या तिन्हींची तुम्ही माझ्याकडे शिफारस केली आहे. पहिल्या दोन्हींचं मी बघते. तिसरीचं आईला माहीत आहे का?' पोरगी चेष्टा करते हे मला कळत होतं. आक्कालाही कळत असावं, पण तिनं ते दोन दिवस कळू दिलं नाही.

मोठ्या कंपनीनं मात्र हे चेष्टेवारी नेलं नाही. एकच वाक्य माथ्यावर लावलेली इतकी पत्रं एकाच माणसाकडून येतात म्हटल्यावर तिची खात्रीच पटली. तिनं दार कायमचं लावलं आणि एकेक पत्र परत पाठवायला लागली. आता पाठवणारा मी, म्हणून परत माझ्याकडे. माझ्याकडे आलेलं प्रत्येक पत्र कुठं जायचं? दिशाकडे, शिफारशीसह. म्हणून मशीननं कंपनीचा नकार कंपनीकडेच शिफारशीसह अग्रेषित केला. तिनं तो नाकारला. नकाराचा नकार माझ्याकडे आला, शिक्का घेऊन पुन्हा गेला, पुन्हा आला. न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. एक गोष्ट दुसरीवर, दुसरी तिसरीवर, आणि शेवटी टेकायला जागा नाही. तिकडे असा वाद सुरू झाला की पंडित थांबतात. सोमनाथ याला लूप म्हणतो, आणि त्याचं मशीन थांबत नाही. दिवसभर फोनची लाइन अडकून राहिली, क्लासची पोरं बाहेर चहा पीत बसली, आणि मशीन आत घरघरत माझी शिफारस करत राहिलं. शेवटी त्यानं बटणाचा नाद सोडून भिंतीतली पिनच उपटली.

ही पिन उपटलेली असताना तुझं कार्ड आलं. मी पुन्हा बारामतीला. सोमनाथनं यंत्राची जुनी नोंद उघडली, बोट ठेवून खाली खाली गेला, आणि म्हणाला, "हा बघा. परभणी. आल्ता."

कधी, तर दार कधी उघडं कधी बंद असं चालू होतं तेव्हा, शिक्क्याच्या आधी.

"मग?"

"मग काय. आपुन फुडं ढकलला. तिकडं त्या टायमाला बंद हुतं. त्यांनी घेतला न्हाय, मग ज्यानं धाडला त्याला माघारी."

"फोटोसकट?"

"सगळ्यासकट. त्ये कुणाचं ठिवून घेत न्हाईत."

"आणि नाव कुणाचं, परत पाठवताना?"

"आता पत्ता तुमचा म्हणल्यावर नाव दुसऱ्या कुणाचं लावतील गुरुजी?"

परभणीच्या इंटरनेटच्या दुकानवाल्यानं, जे आलं ते छापून, सावळारामरावांच्या हातात ठेवलं असणार. वर माझा पत्ता, खाली त्यांचं स्वतःचं पत्र, त्याखाली त्यांच्या स्वतःच्या मुलाचा फोटो. मी त्यांच्या जागी असतो तर पाणी घेतलं नसतंच. टेबलावर कागद ठेवतानाही बहुधा थोडा आपटला असता.

मी त्या कंपनीला अर्ज केला. इंग्रजीत, विनयपूर्वक, की मी खाली सही करणारा इसम तेल विकत नाही, माझी मुलगी लग्नाची आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. सोमनाथनं बटण दाबलं आणि आम्ही डोळे वर करेपर्यंत उत्तर हजर. एवढ्या तत्परतेनं माझ्या अर्जाला आयुष्यात कुणी उत्तर दिलं नव्हतं, म्हणून मी भारावून पुन्हा आभाराचं पत्र लिहिलं. त्यालाही लगेच उत्तर आलं. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की तेच उत्तर आहे आणि पलीकडे कुणी नाही. सोमनाथ मघापासून हे सांगत होता म्हणे.

तर आता तू सावळारामरावांना हे समजावून सांग. मी इथं तालीम करून पाहिली. पहिल्यांदा आक्काला सांगितलं, तेव्हा तिला असं कळलं की अमेरिकेतल्या लोकांना रविराज पसंत पडला नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कळलं की म्हस्कूनं मागणीचं पत्र ट्रॅक्टरसाठी डब्यात टाकलं. तिसऱ्यांदा मीच अडकलो. तुझं डोकं यात चालतं, तू नीट मांडशील. भाचरांना गोड पापा, तुझ्या सौभाग्यवतींना आमची आठवण सांग, आणि रागावलेला असलास तरी एवढं वाचून झाल्यावर एक ग्लास पाणी पी.

तुझा,
ज्ञानदेव दाजी

ता. क. पत्र आक्काला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, एवढ्या पानांत आपला होकार कुठं लिहिलाय? मी पुन्हा चाळलं. नाही लिहिलेला. तर कळवतो की आमचा होकार आहे. मुख्य काम हेच होतं. तू सावळारामरावांकडे जाऊन एवढं सांगितलंस तरी बाकी पत्र वाया गेलं असं मी मानणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच दिशा दुपारच्या गाडीनं आली. तिलाही पत्र वाचून दाखवलं. जिथं मी हसण्यासारखं लिहिलं नव्हतं तिथं ती हसली, आणि शेवटी म्हणाली, "आबा, आमचा होकार म्हणजे कुणाचा?" मी म्हटलं, आपला. "मला कुणी विचारलंय?" खरंच विचारलं नव्हतं, संघपाल. सगळा वेळ तिच्याकडे पत्र पोचवण्यात गेला. विचारल्यावर कळलं ते असं. रविराज कसल्याशा प्रशिक्षणाला पुण्याला आला होता. तो हॉस्टेलच्या फाटकाशी त्याच कागदाची दुसरी छापील प्रत घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, हे तुम्ही परत केलंत का? तिनं कागद वाचला, आणि मला जे तीन खेपा बारामतीला जाऊन कळलं नाही ते त्याला फाटकातच सांगितलं. मग तो म्हणाला, ठीक आहे, मग तुमचं काय म्हणणं आहे? यावर ती काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नाही. चहाला कोण कुणाला घेऊन गेलं ते तिच्या आईला सांगितलं आहे, आणि आक्का तेव्हापासून गुणगुणते आहे. त्यानं घरी गेल्यावर वडिलांना खरं सांगून पाहिलं. वडील म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस, मुलीच्या बापाचं तोंड काय मोडलंय का?

ता. क. तिसरा. तेव्हा आता काम एवढंच उरलं आहे, आणि ते तुझं आहे. पोरांचं ठरलं आहे. अडलं आहे ते सावळारामरावांच्या मानापाशी. त्यांना यंत्राचं काही सांगू नकोस. यंत्रानं केलेला अपमान त्यांना गिळावा लागेल. माणसानं केलेला असला तर माफ तरी करता येईल. तू जा आणि सांग, की दाजींनी मूर्खपणा केला होता, मी कार्ड पाठवून त्यांना असं काही झाडलं की दोन दिवसांत वठणीवर आले, आता स्वतः हात जोडून होकार कळवतात. कार्डात काय काय लिहिलं होतंस तेही सांग, थोडं वाढवून सांगितलंस तरी चालेल. वर जे लिहिलं आहे ते सगळं खरं आहे, म्हणून हे पत्र त्यांना दाखवू नकोस. आक्काला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणते.

संघा, पोरगी व्हय म्हणली. ह्यांनी लई लिवलंय, वाचत बसू नगं. फुडल्या आईतवारी सावळारामरावांना घिऊन ये, त्यांच्याशी मी बोलती, ह्यांना बोलू देत न्हाय. आन पोराला संगं आण. मला त्याला जेवताना बघायचा हाय. — आक्का